बालन्याय आणि बालसंरक्षण : शिक्षणाच्या व कामाच्या वाटा

दहावी-बारावीच्या पालक सभेत दरवर्षी करिअरचा विषय निघतो. इंजिनियरिंग, मेडिकल, सी. ए., बँकेच्या परीक्षा, एमपीपीएससी यांची चर्चा होते आणि सभा संपते. या वर्षी मात्र दोन-तीन पालकांनी वेगळाच प्रश्न विचारला. मुलगी म्हणते, मला मुलांसाठी काम करायचे आहे. तर तिने नेमके काय शिकावे, आणि त्यात पोट भरेल का? प्रश्न आम्हाला आवडला, विशेषतः त्याचा दुसरा भाग, कारण तो विचारायला पालक संकोचतात. सभेत दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखे नव्हते म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत. विश्वस्त मंडळींनीही हा लेख वाचावा अशी विनंती आहे. त्यातला बराच भाग त्यांच्याशी आणि आपल्या शाळेशी संबंधित आहे.

आपल्याकडे मुलांसाठी काम म्हटले की गणेशोत्सवात अनाथाश्रमात वह्या वाटणे, दिवाळीला फराळ नेणे, एखाद्या गरजू मुलाची फी भरणे एवढेच डोळ्यांपुढे येते. ही वृत्ती चांगलीच आहे. ती नसती तर इंदूर, देवास, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी संस्था उभ्या राहिल्या नसत्या. पण संकटात सापडलेले मूल समोर आले की नुसता कळवळा पुरत नाही. कळवळ्यापोटी आपण त्याला तीच हकिकत चार जणांपुढे चार वेळा सांगायला लावतो. "मी कोणालाही सांगणार नाही" असे वचन देऊन बसतो आणि मग ते मोडावे लागते. रागाच्या भरात ज्याच्यावर संशय आहे त्यालाच जाऊन जाब विचारतो. यातून मुलाचा उरलासुरला विश्वास जातो आणि न्यायालयात प्रकरण कमकुवत होते ते वेगळेच. म्हणून हे काम शिकावे लागते, आणि ते शिकवणाऱ्या संस्था आहेत.

आधी शब्द पाहू. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली, त्यामुळे या कायद्यातील नावे आमच्या कानांवर हिंदीतूनच आहेत : किशोर न्याय बोर्ड, बाल कल्याण समिति, संप्रेक्षण गृह. महाराष्ट्रात त्यांनाच बाल न्याय मंडळ, बालकल्याण समिती आणि निरीक्षणगृह म्हणतात. इंदूरमध्ये अर्ज करताना पहिली नावे लागतील, पुण्या-मुंबईला शिकायला गेल्यावर दुसरी. 'बालगुन्हेगार' हा शब्द मात्र आता कोणत्याही सरकारी कागदात आढळू नये. त्याऐवजी मराठीत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा शब्द आहे. जिभेला जड आहे खरा, पण मुलावर शिक्का मारण्याऐवजी तो त्याची आजची स्थिती सांगतो, म्हणून आम्हाला तो पटतो.

मुलांसाठी वेगळा न्याय हा विचार आपल्या देशात नवा नाही. मद्रास प्रांताने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई प्रांताने १९२४ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदे केले. पुढे प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा, काही ठिकाणी कायदाच नाही, आणि कित्येक मुले मोठ्या माणसांच्या तुरुंगात, अशी स्थिती बरीच वर्षे राहिली. पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ साली न्यायालयाने सर्व देशासाठी एकच कायदा असावा असे सुचवले आणि त्याच वर्षी संसदेने बालन्याय कायदा केला. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला, त्यानंतर २००० चा कायदा आला आणि सध्याचा कायदा २०१५ चा आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला व २०२१ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि त्याच्यापुढे येणारी मुले दोन प्रकारची आहेत. एक, ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ती. दुसरी, ज्यांना काळजी व संरक्षणाची गरज आहे ती : अनाथ, सोडून दिलेली, हरवलेली, घरातून पळालेली, मजुरीला जुंपलेली, छळ सोसणारी. पहिल्या प्रकारची मुले मंडळापुढे जातात, दुसऱ्या प्रकारची समितीपुढे.

या कामात कोणकोणती माणसे लागतात हे एका कल्पित उदाहरणावरून चांगले कळेल.

समजा, सरवटे बस स्टँडवर सोळा वर्षांच्या एका मुलाला मोबाईल चोरताना लोकांनी पकडले. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा असे कायदा सांगतो. तो किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा असतो व त्याला मुलांशी वागण्याचे खास प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि त्याच्याशी बोलणारा अधिकारी साध्या कपड्यांत असावा लागतो. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात कोणी प्रौढ साथीदार नसेल तर एफआयआरसुद्धा नोंदवत नाहीत. ठाण्याच्या रोजनाम्यात नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा छोटा अहवाल मंडळाकडे पाठवतात. मंडळापुढे त्याला २४ तासांच्या आत उभे करावे लागते.

मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतील निदान एक महिला. बसायला उंच चौथरा नसतो, साक्षीदाराचा पिंजरा नसतो. पहिल्याच दिवशी मंडळ परिवीक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरला, सामाजिक तपासणी अहवाल तयार करायला सांगते. मुदत १५ दिवस. आमच्या मते सगळ्या बालन्यायाचा कणा हा अहवाल आहे, आणि त्याविषयी लोकांना सर्वांत कमी माहिती आहे.

पोलिसांचा तपास 'काय घडले' ते शोधतो. हा अहवाल 'कोणाच्या हातून घडले आणि का' ते शोधतो. अधिकारी मुलाच्या घरी जातो. घरात किती माणसे, कमावणारे किती, बाप दारू पितो का, आई केव्हा घराबाहेर पडते आणि केव्हा परतते, मुलाने शाळा कोणत्या वर्गात सोडली आणि का सोडली, त्याचे मित्र कोण, तो कुठे कामाला जातो, त्याला कोणी मारहाण केली आहे का, व्यसन आहे का, या सर्वांची नोंद करतो. शेजाऱ्यांना विचारतो, पण असे की मुलाची वस्तीत बदनामी होऊ नये. हे 'पण असे की' शिकायलाच दोन वर्षे लागतात. मग स्वतःचे मत लिहितो : या मुलाला घरी ठेवून सुधारता येईल का, आणि त्यासाठी कोणाची मदत लागेल.

वरच्या उदाहरणातला मुलगा वडील आजारी पडल्यावर नववीतून बाहेर पडला आणि स्टँडवरच्या टोळीबरोबर राहू लागला, असे अहवालात आले तर मंडळ त्याला समज देऊन, समुपदेशनाला पाठवून, परिवीक्षेवर घरी सोडू शकते आणि पुन्हा शाळेत घालण्याची व्यवस्था करू शकते. अहवालात नुसते "कुटुंब गरीब, मुलगा वाईट संगतीत" एवढे एका ओळीत आले तर मंडळाच्या हातात काय उरते? मुलगा तोच, गुन्हा तोच. लिहिणाऱ्याला काम येत होते की नाही, यावर त्याचे पुढचे दिवस ठरतात.

हा अधिकारी शाळेतही येतो. विद्यार्थ्याची हजेरी, वागणूक, वर्गमित्रांशी संबंध यांची चौकशी करतो. अशा वेळी मुख्याध्यापकाने "आमच्या शाळेचे नाव यात नको" असे म्हणून हात झटकले तर मुलाच्या बाजूची एक साक्ष बुडते. उलट, मुलाचे नाव वर्गात, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर किंवा वर्तमानपत्रात फुटले तर तो कायद्याने गुन्हा आहे. प्रकरण संपल्यावर पोलिसांनाही चारित्र्य प्रमाणपत्रासाठी त्याची नोंद उघड करता येत नाही. आपल्या शिक्षक-शिक्षिकांना आम्ही हे वेळोवेळी सांगतो. पालकांनाही माहीत असावे.

गुन्हा अतिगंभीर असेल आणि मुलाचे वय १६ ते १८ च्या दरम्यान असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन मंडळाला करावे लागते. त्यावरून त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा का हे ठरते. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्र शिकलेला व्यावसायिक सदस्य नसेल, तर अशा तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मधील निकालात सांगितले. आमच्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. मानसशास्त्र हा 'सोपा विषय' म्हणून घेणाऱ्यांना त्याचे वजन कळेल.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. भुसावळकडून येणाऱ्या गाड्या खंडव्यावरून इटारसीकडे जातात. समजा, खानदेशातल्या एखाद्या खेड्यातून पळालेला दहा वर्षांचा मुलगा खंडव्याला फलाटावर सापडला. रेल्वे सुरक्षा दलाची 'नन्हे फरिश्ते' ही मोहीम अशाच मुलांसाठी आहे. १०९८ या क्रमांकावर फोन जातो, आणि २४ तासांच्या आत मूल बालकल्याण समितीपुढे येते. आता मूल फक्त मराठी बोलते, तेही अहिराणी वळणाचे. घाबरलेले आहे. गावाचे नाव सांगते पण तालुका सांगता येत नाही. समितीला महाराष्ट्रातील जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी पत्रव्यवहार करायचा आहे आणि तिकडून येणारा घरचा अहवाल मराठीत असण्याचा संभव आहे. हिंदी आणि मराठी दोन्ही चांगली येणारा कार्यकर्ता या जागी सोन्यासारखा आहे. मुलाला कामकाजाची भाषा समजत नसेल तर मंडळाने दुभाषी द्यावा असे बालन्याय कायद्यात आहे. लैंगिक अत्याचारापासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातही मुलाची साक्ष नोंदवताना दुभाष्याची सोय आहे. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलत वाढलेली आपली मुले या दोन भाषांना ओझे समजतात. या व्यवसायात तीच त्यांची जमेची बाजू ठरेल.

१०९८ या क्रमांकाचा इतिहासही थोडक्यात सांगतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी एक प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू केली. पुढे ती देशभर पसरली, आणि २०२३ पासून हे काम शासनाने आपल्याकडे घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडले. संस्थेच्या एका खोलीतला प्रयोग देशाची व्यवस्था कसा होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता शिक्षणाकडे वळू. बारावीनंतर तीन दारे आहेत : समाजकार्य, मानसशास्त्र आणि कायदा. समाजकार्यात पदवी नंतर पदव्युत्तर, म्हणजे बी. एस. डब्ल्यू. आणि एम. एस. डब्ल्यू. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरही एम. एस. डब्ल्यू. करता येते, त्यामुळे आता बी. एस्सी. किंवा बी. कॉम. करणाऱ्यांनी दार बंद झाले असे समजू नये. घराजवळ म्हणाल तर इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क आहे. वडोदऱ्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा आहे. पुण्याला कर्वे समाज सेवा संस्था आहे, जिथे आपल्या मुलांना मराठी वातावरणही मिळेल. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये सुरू झाली आणि देशातील समाजकार्याच्या शिक्षणाचा आरंभच तेथून धरला जातो. तेथे प्रवेश मिळणे मात्र अवघड आहे. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी इग्नूचा एम. एस. डब्ल्यू. अभ्यासक्रम आहे. कोठेही जा, कॉलेज निवडताना एकच गोष्ट विचारा : आठवड्यात किती दिवस क्षेत्रकार्य असते आणि त्यावर देखरेख कोण करते? वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात प्रत्यक्ष उभे राहून, नंतर आपल्या नोंदी मार्गदर्शकापुढे वाचून, त्याची बोलणी खाऊन हे काम येते. क्षेत्रकार्य कागदावरच असेल तर ती पदवी घेण्यात अर्थ नाही, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

कायद्याची वाट धरणाऱ्यांना भोपाळचे राष्ट्रीय विधी संस्था विद्यापीठ किंवा आपल्या विद्यापीठाची विधी महाविद्यालये आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात 'विधी सह परिवीक्षा अधिकारी' असे पद असते, त्याला कायद्याची पदवी लागते. मानसशास्त्रातून समुपदेशनाकडे जाणाऱ्यांसाठी बंगळुरूच्या निम्हान्समधील 'संवाद' हा केंद्रीय मंत्रालयाच्या सहकार्याने चालणारा उपक्रम महत्त्वाचा आहे. कठीण परिस्थितीतील मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्यांना तो प्रशिक्षण देतो. मुलाशी पहिले वाक्य काय बोलावे, गप्प बसलेल्या मुलासमोर आपण किती वेळ गप्प बसावे, इतक्या बारकाव्यांपासून हे शिक्षण सुरू होते.

इंदूरकरांना आपल्याच शहरातील एका संस्थेची फारशी माहिती नाही याचे आम्हाला नवल वाटते. राष्ट्रीय जनसहयोग व बालविकास संस्था, म्हणजेच निपसिड, ही दिल्लीची संस्था १९६६ ची आणि तिचे इंदूरचे प्रादेशिक केंद्र २००१ चे. मंडळाचे व समितीचे सदस्य, बालगृहांचे अधीक्षक, समुपदेशक, संरक्षण अधिकारी यांचे प्रशिक्षण ही संस्था करते. बालमार्गदर्शन व समुपदेशनाची एक वर्षाची उच्च पदविकाही संस्था चालवते. २०२५ मध्ये तिचे नाव बदलून सावित्रीबाई फुले राष्ट्रीय महिला व बालविकास संस्था असे करण्यात आले. सावित्रीबाईंना आपण शाळेमुळे ओळखतो, पण जोतिरावांसह पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले, विधवांच्या मुलांना जन्म घेऊ दिला व वाढवले, आणि त्यांतल्याच एकाला, यशवंतला, दत्तक घेऊन डॉक्टर केले. बालसंरक्षणाच्या संस्थेला त्यांचे नाव शोभते. एक खुलासा करतो, नाहीतर पालक बारावीची गुणपत्रिका घेऊन तेथे पोचतील : येथील बहुतेक प्रशिक्षण आधीच कामावर असलेल्यांसाठी असते.

पोट भरेल का, या प्रश्नाला आम्ही बगल देणार नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील बहुतेक पदे 'मिशन वात्सल्य' या केंद्र-पुरस्कृत योजनेतील संविदा पदे आहेत. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आउटरीच कार्यकर्त्याचे मासिक मानधन साधारण १०,५०० रुपये, समुपदेशक व सामाजिक कार्यकर्ता यांचे २०,००० च्या आत, संरक्षण अधिकाऱ्याचे ३०,००० च्या आत आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याचे ४४,००० च्या आसपास आहे. एवढे शिकलेल्या, एवढी जबाबदारी घेणाऱ्या माणसाला हे कमीच आहे आणि आमच्या मते हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष आहे. चांगली माणसे दोन वर्षांत सोडून जातात आणि मुलाला पुन्हा नव्या माणसापुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. महिला व बाल विकास विभागातील कायम पदे एमपीपीएससी आणि कर्मचारी चयन मंडळाच्या परीक्षांतून भरली जातात. तिकडे डोळा ठेवावा. मोठ्या स्वयंसेवी संस्था, रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांशी संबंधित कामे यांतही वाव आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॉक्सो प्रकरणांत पीडित मुलाला 'सहायक व्यक्ती' मिळालीच पाहिजे असे बजावले, त्यामुळे तेथेही शिकलेल्या माणसांची गरज राहणार आहे. विदिशाचे कैलाश सत्यार्थी शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनियर, आणि त्यांना २०१४ चा शांततेचा नोबेल बालमजुरीविरुद्धच्या कामासाठी मिळाला. पण प्रत्येकाला नोबेल मिळत नाही, आणि घरभाडे दर महिन्याला द्यावे लागते. मुलगी हट्टाने या वाटेने जात असेल तर पालकांनी तिला अडवू नये. पदव्युत्तर शिक्षण मात्र पूर्ण करू द्यावे, घाईने पहिल्या संविदा पदावर बसवू नये.

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी शेजारच्या जिल्ह्यात समुपदेशक आहे. मध्यंतरी भेटायला आली होती. तिच्या सांगण्यावरून पहिले वर्ष बसप्रवासात आणि फायलींतच गेले. मुलांशी निवांत बोलायला मिळते असा तिचा समज होता, तो लवकरच गेला. तरी ती टिकली आहे, आणि आता तिच्याकडे नवीन मुली शिकायला येतात.

तरुणांइतकीच निवृत्त शिक्षकांचीही येथे गरज आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर सदस्याला बालमानसशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र, मानवविकास, शिक्षणशास्त्र यांसारख्या विषयाची पदवी आणि मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे बी. एड. असलेली, सात वर्षे शिकवलेली, ३५ वर्षांवरील शिक्षिका अर्ज करू शकते. मात्र हे मिरवण्याचे पद नव्हे. समितीला महिन्यात किमान २० दिवस बसावे लागते, तिला दंडाधिकाऱ्याच्या खंडपीठाचे अधिकार असतात, आणि वर्षातील तीन चतुर्थांश बैठकांना हजर न राहिल्यास सदस्यत्व जाते. नियुक्तीनंतर दोन महिन्यांत प्रारंभिक प्रशिक्षण देणे राज्य शासनावर बंधनकारक आहे. ज्या जिल्ह्यात आपण एखाद्या बालगृहाच्या व्यवस्थापनात आहोत तेथे सदस्य होता येत नाही; आपल्या समाजातील काही मान्यवरांनी हे आधी तपासावे. ज्यांना इतका वेळ नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटिअर, ज्यांना आता 'अधिकार मित्र' म्हणतात, हा मार्ग आहे. प्राधिकरणच त्यांना प्रशिक्षण देते.

आणि आता शाळेविषयी. पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार मुलावर अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबाबत ते लपवले तर शिक्षा अधिक कडक आहे. "आधी मॅनेजमेंटमध्ये चर्चा करू, मग बघू" याला कायद्यात जागा नाही. २०२० च्या नियमांनी शाळेच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि ठरावीक काळाने प्रशिक्षण आवश्यक केले आहे. यात शिपाई, बसचालक, खेळाचे शिक्षक सगळे आले. पडताळणीची फाइल आपल्याकडे आहे. प्रशिक्षणाच्या बाबतीत, एखाद्या वक्त्याचे तासाभराचे भाषण आणि हार-नारळ यांवर आम्ही समाधानी नाही.

शिक्षकाला तपास अधिकारी व्हायचे नाही. पाचवीतले मूल काही सांगू लागले तर हातातले काम खाली ठेवून ऐकायचे, चेहऱ्यावर धक्का दिसू द्यायचा नाही, "तू सांगितलेस ते बरे केलेस" एवढे म्हणायचे. खोदून विचारायचे नाही, "त्याने असे केले का?" असा उत्तर सुचवणारा प्रश्न तर मुळीच नाही. गुप्ततेचे वचन द्यायचे नाही. ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांनाच सांगू, असे खरे ते सांगायचे. मग मुलाचेच शब्द, त्याच्याच भाषेत, तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे आणि लगेच कळवायचे. वाचायला हे सोपे वाटते. समोर आपल्याच वर्गातले मूल आणि आरोप कदाचित आपल्याच ओळखीच्या माणसावर, अशा वेळी ते जमावे यासाठी सराव लागतो, एकमेकांपुढे भूमिका करून घेतलेला सराव.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही दोन गोष्टी ठेवत आहोत. प्राथमिक व माध्यमिक विभागातील प्रत्येकी एका शिक्षिकेला बालसंरक्षणाच्या प्रशिक्षणासाठी पाठवावे, त्या काळातील रजा कर्तव्य रजा धरावी आणि परतल्यावर त्यांनी इतरांना शिकवावे. तसेच पूर्णवेळ समुपदेशकाचे पद पुढील अंदाजपत्रकात धरावे. आज हे काम हिंदीच्या बाई मधल्या सुट्टीत करतात, तेही स्टाफ रूमच्या कोपऱ्यात, जिथे मूल मोकळेपणाने बोलेल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. खर्चाचा तपशील बैठकीत देऊ. सभागृहाच्या नव्या पडद्यांहून तो फार जास्त नाही.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकार्य आणि कायदा या क्षेत्रांतील दोन व्यक्तींना सहामाही परीक्षेनंतर शाळेत बोलावण्याचे ठरले आहे. दिवस नक्की झाला की सूचना फलकावर लावू. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी प्रश्न कागदावर लिहून ग्रंथालयातील पेटीत टाकावा. प्रश्नाखाली नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.